पिवळी नळी

स्कूबाच्या परीक्षेतल्या शेवटच्या डाइव्हला माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं आणि श्वास कोंडल्यासारखं होऊन माझी पाचावर धारण बसली. हवा कमी पडलीच तर जोडीदाराच्या छातीवर लटकणारी जादाची पिवळी नळी घ्यायची, हे मी आठवडाभर घोकलं होतं. माझी जोडीदार म्हणजे माझी लेक. मी तिच्या तोंडातलीच नळी ओढून घेतली.

पिवळी नळी चाचपडत, खोकत ती वर आली. प्रशिक्षकांनी पाहिलं ते तेवढंच.

"काय झालं?" त्यांनी बोटीवर दोघांना विचारलं.

लेक म्हणाली, "मीच घाबरले, सर."

"मग उद्या पुन्हा उतरावं लागेल तुम्हाला. वडिलांकडून शिका जरा. साठीला आलेत, पण किती शांत!" त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. मी पास झालो होतो.

किनाऱ्याला लागतोय तोच बायकोचा फोन. "पोरीकडे लक्ष होतं ना तुमचं?"

मी काही बोलायच्या आत लेकीने फोन घेतला. "अगं आई, बाबा होते ना बरोबर!"