धवलेरीचा दुसरा टेक

“पण लगीन कुणाचं?” बायजीने तिसऱ्यांदा विचारलं.

हॅरीने कपाळाला हात लावला. लग्न कुणाचंच नव्हतं, सिनेमातलं गाणं होतं. ‘ग्रॅनाइट’ हा मुंबईचा एकेकाळचा गाजलेला रॉक बँड वारली लग्नावरच्या एका सिनेमासाठी अख्खा अल्बम करत होता आणि दोन टेम्पो सामान घेऊन सायवनच्या पाड्यावर उतरला होता. हॅरी म्हणजे बँडचा गायक हरिश्चंद्र सबनीस. वय बासष्ट, केस काळे केलेले, पोटावर ताणलेलं चामड्याचं जॅकेट, तेही मार्चच्या उन्हात. पस्तीस वर्षं तो तीच चार गाणी गात होता. लोक त्याला क्लासिक म्हणायचे. नवं काही सुचत नसलं की असं नाव बरं पडतं.

बायजी धवलेरी होती. वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही, धवलेरी गाऊन लावते. तिचं गाणं संपलं की लग्न लागलं. हॅरीने हे पुस्तकात वाचलं होतं आणि मुलाखतीत दोनदा सांगितलंही होतं. फक्त त्यावर विश्वास ठेवायचं राहून गेलं होतं.

त्याने मेकअपवाली मुलगी आणि लाइटवाला मुलगा यांना नवरा-नवरी म्हणून उभं केलं. बायजीने दोघांना मांडवाबाहेर काढलं. माझ्या गाण्याने यांचं खरंच लागेल, मग यांच्या आईबापांना कोण तोंड देणार, असं तिचं म्हणणं. हॅरी इंग्रजीत हसला. मग बायजीने कुडाशी बसलेल्या झिपरू आणि चिमीकडे बोट दाखवलं.

“यांचं लावते,” ती म्हणाली. “यांचं राहिलंय.”

राहिलं होतं ते अठ्ठावीस वर्षांपासून. दोघं एकत्र राहत होती, शेत कसत होती, लेक वाढवत होती. दर वर्षी भात निघाला की लग्न लावू म्हणायची आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं, मांडव-जेवणाला पैसे उरायचे नाहीत. पाड्यावर त्याचं कुणाला नवल नव्हतं, कुणी हिणवतही नव्हतं. पण लग्नाच्या घरी भिंतीवर चौक लिहायचा तो सवाशिणींनीच. बाकीच्या बाया पिठात बोटं बुडवून देवीचा चौक लिहायच्या, तेव्हा चिमी बाहेर चुलीला फाटी लावत बसायची. तिला ते फार लागायचं. आणि आता लेकीवर, प्रगतीवर आलं होतं. आईबापांचं लागल्याशिवाय मुलीचं लागत नाही, आणि प्रगती लग्नाशिवाय नांदायला जायला तयार नव्हती. वेवजी गावचा मुकेश तिच्यासाठी दोन वर्षं थांबला होता. पावसाळ्यापर्यंत बघू, मग दुसरीकडे बघू, असा त्याच्या घरून निरोप आला होता.

हॅरीने म्हाताऱ्यांकडे पाहिलं आणि चेहरे ऑथेंटिक आहेत असा निकाल दिला. बायजीच्या बाकीच्या अटी त्याने सेटचा खर्च म्हणून मान्य केल्या. मांडव हवा, हळद हवी, ताडी हवी, अख्ख्या पाड्याला जेवण हवं. चौकाचा मुंबईहून छापून आणलेला फ्लेक्स बायजीने गुंडाळून ठेवला आणि पाड्यावरच्या रखमीला बाया घेऊन भिंतीवर चौक लिहायला बसवलं. हे सगळं ग्रॅनाइटच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. ते गिटारी जुळवत होते.

“आधी रिहर्सल,” हॅरी म्हणाला. रिहर्सल रेकॉर्ड करायची नाही, हा ग्रॅनाइटचा पस्तीस वर्षांचा नियम होता. माइक बंद राहिले. बायजीने डोळे मिटले आणि गायला लागली.

दोन तास ती थांबली नाही. ड्रमवाल्याने ठेका शोधून पाहिला, सापडला नाही, मग तो चिकू खात बसला. हॅरीने मधेच हात उंचावून कट म्हटलं. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. चिमीच्या हळदीने माखलेल्या गालांवरून पाणी वाहत होतं. हॅरी बेसवाल्याला म्हणाला, बाई नॅचरल आहे. गाणं संपलं, बायजीने दोघांच्या डोक्यांवर तांदूळ टाकले, आणि पाडा जेवायला बसला.

आशागडहून आलेले आचारी वाढत होते, तेव्हा हॅरीने फर्मान सोडलं. रिहर्सल छान झाली, आता फायनल टेक. माइक चालू झाले. लाल दिवे लागले.

बायजी पानावरून उठली नाही. झालेलं लगीन परत लावत नाहीत, एवढंच बोलून ती भात कालवत राहिली. हॅरीला घाम फुटला. अल्बमचं मुख्य गाणं हेच, आणि ते गाणं आता बायजीच्या घशात होतं, मशीनमध्ये काहीच नव्हतं. त्याने विनवण्या केल्या. जॅकेट काढलं. शेवटी तो बायजीच्या पानासमोर उकिडवा बसला. पस्तीस वर्षांत प्रथमच त्याला कुणाचं तरी ऐकावं लागत होतं.

बायजी पाणी प्यायली. मांडव राहू दे म्हणाली, ताडी आणि जेवण आजच्यासारखंच ठेव म्हणाली, उद्या परत गाते. हॅरी एवढा हरखला की कारण विचारायचंही त्याला सुचलं नाही. तो थेट चिमीकडे गेला.

“मावशी, उद्या पण अशीच अ‍ॅक्टिंग करायची हां. सेम टू सेम.”

चिमीने हळदीचे हात लुगड्याला पुसले.

“उद्या नवरी माझी पोर,” ती म्हणाली. “मी चौक लिवणार.”