सुभेदारांचा आवाज

अपंगत्वाच्या तपासणीसाठी आता माजी सैनिकांना खोऱ्यातून पुण्याला जावं लागत नव्हतं. तपासणीची पेटीच घरी येई. ती प्रश्न विचारी आणि आवाजातल्या कापऱ्यावरून दुखणं ओळखी.

हवालदार ज्योतिराम शेलार पेटीसमोर बसले. त्यांच्या गुडघ्यात वीस वर्षांपूर्वीच्या सुरुंगाचे तुकडे होते.

"शेलार, ओळखलंस का?" पेटी म्हणाली.

आवाज सुभेदार रणखांब्यांचा होता. ते त्याच स्फोटात गेले होते. जवान ओळखीच्या माणसाशी मोकळं बोलतात, म्हणून पेट्यांना जुन्या साहेबांचे आवाज दिले होते.

"ओळखलं, साहेब." काठी बाजूला ठेवून ते ताठ उभे राहिले.

"गुडघा दुखतो?"

"नाही साहेब." आवाज खणखणीत होता.

"अहो, सकाळी चार पायऱ्या उतरताना डोळ्यांत पाणी आलं होतं तुमच्या," त्यांची बायको सिंधू म्हणाली. "खरं सांगा. ती नुसती पेटी आहे."

"डोंगर चढशील?" पेटीने विचारलं.

"चढेन साहेब." सदरा घामाने भिजला होता, पण आवाज जराही हलला नाही.

"शाब्बास. अपंगत्व शून्य, म्हणजे पुन्हा भरतीला लायक. सोमवारी पलटणीत हजर हो. तुझ्या तुकडीतला मोहितेही येतोय."

सिंधूने काठी पुढे केली होती. तिचा हात तसाच राहिला.

त्या सुरुंगाने मोहित्यांचे दोन्ही पाय नेले होते.