पाचवा ट्रे

दिवाळीच्या नानकटाया भाजायला तुकाबाईने फाट्यावरच्या बेकरीतून पाच ट्रे आणले होते. चार भरले. कणगीत उंदीर फार झाले होते, म्हणून उरलेल्या पिठात तिने धोत्र्याचं बी कुटून घातलं आणि त्याचे बारा गोळे पाचव्या ट्रेमध्ये वाळत ठेवले. ती शेळ्यांना पाणी पाजून आली, तर सून उज्वला पाचही ट्रे घेऊन बेकरीत गेलेली.

तुकाबाई अनवाणीच धावत सुटली. बेकरीच्या ओट्यावर उज्वला भाजून झालेले ट्रे मांडत होती.

"उज्वले, यातली कुणी खाल्ली का गं?"

"न्हाई आत्या. निवद दाखवल्याबिगर कोण खाईल? पोरांनासुदिक हात लावू दिला न्हाई."

तुकाबाईच्या जिवात जीव आला. तिने पाचवा ट्रे पुढे ओढला आणि मोजलं. पुन्हा मोजलं. अकराच होत्या.

भट्टीपुढचा बिरदेव मिशीला लागलेला चुरा पुसत म्हणाला,



"मावशी, चाखल्याबिगर मी कुणाचाच माल देत न्हाई. पण तुमची यंदा कडू कशी लागली?"