नकाशातलं लाल जंगल

जंगलं कुठे पूर्वीपेक्षा कमी पेटतात, त्याचा नकाशा लेकीने धावतच आणून टेबलावर पसरला. निवृत्त वनरक्षक बाबांचा चेहराच उतरला. "माझं जंगल धोक्याच्या लाल रंगात? अगं, मी ठिणगीसुद्धा टिकू दिली नाही तिथे!" "तिथेच तर गोम आहे, बाबा! पूर्वी अधूनमधून हलकी आग लागून पाचोळा जळून जायचा. जुन्या खोडांत तिचे काळे डाग सापडलेत. तुम्ही प्रत्येक आग विझवलीत, पाचोळा साठत गेला. आता पेटलं तर झाडंही उरणार नाहीत." "मग?" "उद्या वारा पडला, की आम्ही वनखात्याची माणसंच थोडा थोडा पाचोळा पेटवणार. चला ना, तिथला वारा तुम्हालाच कळतो!" बाबांनी ताडकन उठून कपाटातला डबा नकाशावर उपडा केला. जंगलात शिरणाऱ्यांकडून जप्त केलेल्या काडेपेट्यांचा ढीग पडला. त्यांनी एक कानाशी खुळखुळवली. "आयुष्यभर हात शिवशिवत होते गं!"