चुलीचं पांघरूण

पाचगणीला बर्फ पडायला लागल्यापासून जनार्दन गोळ्यांनी अंगणातल्या चुलीला आणि कणसं भाजायच्या जाळीला शिकणारं पांघरूण घेतलं होतं. वारा, बर्फ, माकडं, काय अडवायचं ते मालकाचं बोलणं ऐकून ते आपसूक शिकायचं. आतले निखारे दिवसभर धगधगत राहायचे.

त्या सकाळी गावातली वीज गेली. शेजारच्या द्वारकावहिनी रिकामी शेगडी घेऊन अंगणात आल्या.

"भावोजी, थोडा विस्तव द्या. सुनेला न् बाळाला शेक द्यायचाय."

"घ्या की! विचारताय काय?" म्हणत जनार्दन पुढे झाले. तोच पांघरूण चुलीभोवती गच्च आवळलं आणि थेट त्यांच्याच आवाजात बोललं, "ही बाई दिसली की झाकून घे रे. रोज काही ना काही मागायला टपलेली असते."

वहिनींनी शेगडी पदराआड घेतली. जनार्दनांना मान वर करवेना.

"उघड," ते कसेबसे म्हणाले. "वहिनी घरच्याच आहेत. हवा तेवढा विस्तव नेऊ दे त्यांना."

पांघरूण क्षणभर घुटमळलं, मग आणखी घट्ट झालं.

"तुम्ही मालक नाही," ते म्हणालं. "मालक असं बोलत नाहीत."