पोस्टरवरची दोन बोटं

“इथे लाल दिवा लागायला नको का रे?” काकांनी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारलं.

“नव्या कॅमेऱ्यात दिवा नसतो, काका,” कॅमेऱ्यामागून डोळ्या म्हणाला. “ते जुन्या काळात असायचं.”

सगळे हसले. काकाही हसले, टोपी नीट केली आणि खडूच्या खुणेवर जाऊन उभे राहिले.

दिवा होता. कॅमेऱ्यात कार्ड नव्हतं, म्हणून लागत नव्हता.

बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची किल्ली काकांकडे होती. तीस वर्षं त्यांनी तिथे लाद्या ओढल्या होत्या. आता गंजलेल्या साच्यांची राखण करायचे. कॉलेजच्या पोरांना थरारपट काढायचा होता आणि खिसे फाटके. काका म्हणाले, “भाडं नको. मला एक काम द्या सिनेमात. बोलायचं काम.” एवढ्यावर कारखाना मिळाला.

पण कॅमेऱ्याची कार्डं दोनच. दिग्दर्शकाला सगळे कप्तान म्हणत. त्याने पहिल्याच दिवशी डोळ्याला खांबाआड नेलं. कप्तान सगळं असं कानातच सांगायचा.

“काकांच्या वेळी कार्ड काढून ठेवत जा. जागा वाचेल. म्हाताऱ्याचं मनही राहील.”

डोळ्याला दोन मिनिटं कसंतरी झालं. मग तेही होईनासं झालं. एक डोळा मिटून जग बघायच्या सवयीने त्याला हे नाव पडलं होतं, आणि त्याला फक्त कॅमेऱ्यामागे उभं राहायचं होतं. बाकीचं जग गेलं खड्ड्यात. घरी लेथवर राबणारा बाप रोज टोमणा मारायचा, “त्या डबड्यातून बघून पोट भरणार आहे का? पडद्यावर नाव दाखव, मग बोलू.” त्या एका नावापायी डोळ्याने परीक्षेवर पाणी सोडलं होतं. ट्रायपॉडमध्ये अंगठा सापडून नख काळंनिळं झालं, तेव्हा बापानेच चिंधी बांधून दिली.

काकांनी दोन पानांचं भाषण तोंडपाठ केलं होतं. बर्फाच्या लादीत आपल्याच मित्राचं प्रेत पाहिलेला म्हातारा कामगार. बोलताना त्यांचा आवाज खरोखर फाटायचा.

“पुन्हा घेऊ या का? मधे श्वास चुकला.”

“घेऊ की काका. तुम्ही म्हणाल तितक्यांदा.”

रिकाम्या कॅमेऱ्याला डोळा लावून डोळ्या असं म्हणायचा आणि इन्स्पेक्टर झालेल्या पोराला दुसरा डोळा मारायचा. सात वेळा घेतलं. सातव्यांदा काका घामाने निथळत होते आणि पोरं साच्यांमागे तोंड दाबून हसत होती.

मुंगी तेवढी हसायची नाही. मुंगी म्हणजे मेकिंगवाली, शूटिंग कसं चालतं तेच टिपणारी. फोन घेऊन कुठेही शिरायची, कुणाला पत्ता लागायचा नाही.

“कप्तानलाही घे की कधीतरी,” डोळ्या तिला म्हणाला. “सारखी माझ्याच मागे काय?”

“त्याला नाही आवडत फोटोत यायला. तू छान दिसतोस.”

डोळ्या दिवसभर हवेत.

शूटिंग संपलं. एडिटिंगच्या खोलीकडे कप्तानने डोळ्याला फिरकूही दिलं नाही. “तू थेट पडद्यावर बघ, नाहीतर मजा जाईल. आणि पूर्ण नाव लिहून दे. वडिलांच्या नावासकट.”

डोळ्याने सुवाच्य अक्षरात लिहून दिलं आणि दोनदा तपासलं.

सिनेमा सहा कॉलेजांत लावायचं ठरलं. फाइली कप्तानने स्वतः धाडल्या. पोस्टरं आली डोळ्याच्या गळ्यात. खळीची बादली सायकलला अडकवून तो सहाही कॉलेजांच्या भिंतींवर ती चिकटवत फिरला. पोस्टरवर काळोख, त्यात धूसर दोन बोटं, चिमटीत काहीतरी चपटं, चौकोनी.

“ब्लेड आहे काय रे?” त्याने विचारलं होतं.

“खुन्याचं हत्यार,” कप्तान म्हणाला. “बघ कशी गर्दी होते.”

गर्दी झाली. पहिल्या खेळाला काका इस्त्रीचा शर्ट घालून आले, बायको आणि दोन्ही मुलींना घेऊन. थेट पहिल्या रांगेत बसले. डोळ्याने त्यांची नजर चुकवली. वाक्य त्याने तयार ठेवलं होतं: “तुमचा भाग कापला गेला, काका. एडिटिंगमध्ये असं होतं.”

बाप उशिरा आला आणि डोळ्याच्या शेजारी बसला. अंगाला ऑइलचा वास.

“नाव आधी येतं का शेवटी?”

“शेवटी. उठू नका हं, बाबा.”

अंधार झाला. पहिलंच दृश्य आलं आणि डोळ्या पुढे सरकला. हे त्याने घेतलेलं नव्हतं. फोनवरचं, किंचित हलणारं. दोन बोटं कॅमेऱ्याच्या कुशीतून कार्ड काढत होती. अंगठ्याचं नख काळंनिळं.

मग काका आले. बाजूने घेतलेले, पण अख्खे. सातव्यांदाचं भाषण, एक शब्दही न कापता. मग तो मारलेला डोळा. मग ते “तुम्ही म्हणाल तितक्यांदा.”

“कोण रे हा हरामखोर?” मागून कुणीतरी ओरडलं.

बापाने पडद्यावरची नजर काढली आणि डोळ्याच्या हातावर ठेवली.

तासभर डोळ्या पडद्यावर कप्तानला शोधत राहिला. कुठे सावली नाही, आवाज नाही. खरा कप्तान दाराशी हाताची घडी घालून उभा होता. डोळ्याने घेतलेलं एकही दृश्य आलं नाही.

पाट्या सुरू झाल्या. प्रमुख भूमिका: काका. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. काका टोपी छातीशी धरून वळले, पण टाळ्या वाजवणाऱ्यांकडे नाही, डोळ्याच्या रांगेकडे बघत होते. छायाचित्रण: मुंगी.

डोळ्या उठला. बापाने त्याचं मनगट पकडलं.

“बस. तूच म्हणालास, उठू नका.”

पडद्यावर ‘खुनी’ असं उमटलं, आणि त्यापुढे डोळ्याचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.