पश्चिमेची खिडकी

"अहो, चष्मा घाला," काकू म्हणाल्या. "निदान चष्मा तरी घाला."

गाइडकाकांनी रुमालाने दोन्ही काचा लख्ख पुसल्या आणि चष्मा नाकावर चढवला. लेकीकडचा मुक्काम आटोपून दोघं दुपारी उशिरा परतली होती. बॅगा अजून दारातच पडल्या होत्या आणि वारसा विभागाच्या बाई आवारात येऊन थांबल्याही होत्या.

"थोडं अंधुक दिसतं, असं सरळ सांगून टाका की."

"अंधुक म्हणायचा अवकाश, समिती कुलूप घेऊन दारात उभी राहील. तुझ्या कुंड्या मग कुठे ठेवशील?"

चर्चच्या आवारातल्या या दोन खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या होत्या, आणि नोकरी गेली की त्याही जाणार होत्या. चर्चच्या समितीने वारसा विभागाकडे तक्रार केली होती: गाइडला नीट दिसत नाही, आणि ज्याला दिसत नाही तो दाखवणार काय? समितीतल्या एकानेही आजवर मान वर करून छत पाहिलं नव्हतं, हा भाग वेगळा. आता बाई स्वतः काकांबरोबर चर्च पाहणार होत्या. त्यांचा शब्द अखेरचा.

"या बाई," काका दारातून म्हणाले. "जपून, पहिली पायरी मधोमध झिजलीय. माणसं आत जाताना पाय आपटतात, बाहेर येताना नाही."

बाई हसल्या. हसणं बरं वाटलं काकांना.

आत गारवा होता आणि तेलाचा वास दरवळत होता. "बाकांना तेल पाजलेलं दिसतंय," काका म्हणाले. "आम्ही गावाला गेलो की कामं होतात इथली."

काका मधल्या वाटेने पुढे निघाले. "हे चर्च राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं. पण सोंग त्याहून कितीतरी जुन्या काळाचं. टोकदार कमानी, उंच मनोरा, सगळं पूर्वजांसारखं. घर नवं बांधायचं आणि आजोबांचा अंगरखा घालून त्यात मिरवायचं, तसला प्रकार. पण अंगरखा शिवलाय मात्र झकास."

एका खांबापाशी ते थांबले आणि त्याच्यावर हात थोपटला. "याच्या माथ्यावरचा चेहरा पाहा."

"गाल सुजलाय याचा."

"कंत्राटदार आहे तो. पाथरवटाचं आणि त्याचं बिनसलं. पाथरवट भांडला नाही, नुसती जन्माची दाढदुखी देऊन गेला."

बाई पुन्हा हसल्या आणि हसता हसताच म्हणाल्या, "काका, वेदीवरच्या कमानीत काही अक्षरं आहेत. वाचून दाखवता?"

हीच ती परीक्षा. काकांनी चष्मा सारखा केला, हनुवटी उचलली आणि सावकाश म्हटलं, "'जो थकला आहे, त्याने इथे बसावे.' शेवटच्या अक्षराचा मुलामा उडालाय, तेवढं सांभाळून घ्या."

"बरोबर," बाई म्हणाल्या.

काकांच्या छातीवरचा धोंडा उतरला. आता फक्त पश्चिमेची रंगीत काचांची खिडकी उरली होती. ती ते नेहमी शेवटासाठी राखून ठेवत. पाहुण्याला फरशीवर नेमक्या जागी उभं करायचं, आपण शेजारी उभं राहायचं आणि उन्हाची वाट पाहायची, ही त्यांची जुनी रीत. एरवी त्या खिडकीच्या फटींतून वारा शीळ घालायचा. आज तोही शहाण्यासारखा गप्प होता.

ढग सरला असावा. काकांच्या गालावर ऊन आलं, नेहमीपेक्षा जरा कडकच.

"आहाहा! आज रंग भलताच खुललाय," ते म्हणाले. भीती आता पार पळाली होती. "तो मेंढपाळ पाहा. खांद्यावर कोकरू, आणि चेहरा असा, की कोकरू सापडलंय यावर त्याचा अजून विश्वास बसत नाहीये. त्याच्या झग्याचा तो लाल! तसा लाल आता कुणाला जमत नाही. आणि पायाशी नदी. आता खाली बघा, फरशीवर. लाल तुमच्या पायाशी आलाय आणि नदी माझ्या बुटांवरून चाललीय. दिसतंय?"

बाईंनी फरशीकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं.

"दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या.

"इथे आलं की सगळेच गप्प होतात," काका समाधानाने म्हणाले.

घरी काकूंनी चहा ठेवला होता. बाईंनी त्यांच्या हातातून कप घेतला आणि म्हणाल्या, "काकू, समितीला मी आजच कळवते. असा गाइड बदलायचं काही कारणच नाही."

काकूंना रडू आवरेना. "अगं, पाहुण्यांसमोर काय हे," काका म्हणाले खरे, पण त्यांचाही आवाज ओला झाला होता. "उगाच घाबरत होतीस. बॅगा उचल आता दारातून. आणि कुंड्यांना पाणी घाल, सुकल्या असतील."

चहा घेऊन बाई निघाल्या. काका फाटकापर्यंत सोडायला आले आणि परत फिरले. त्यांची पावलं घरात शिरेपर्यंत बाई थांबल्या. मग त्यांनी काचेच्या कारागिराला फोन लावला.

"पश्चिमेची खिडकी परवा दुरुस्तीला उतरवून नेलीत ना, तिचं काम आधी हातात घ्या. आणि तोवर तिथे साधी पांढरी काच बसवलीय, हे गाइडकाकांच्या कानावर जाता कामा नये."